‘पुकारले, हजर नव्हत्या’ : आरोग्य धोरणात वंचितांची बाजू मांडायला निघालेल्यांसाठी

रुग्णालयाच्या नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलं होतं, ‘तीन वेळा पुकारले, हजर नव्हत्या.’ ज्यांच्याबद्दल ते लिहिलं होतं त्या ताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी एक त्या त्याच खोलीच्या दाराबाहेर बाकावर बसून होत्या. ताई कर्णबधिर आहेत. पुकारा पडद्याआडून होत होता, त्यामुळे पुकारणाऱ्याचे ओठही दिसत नव्हते.

नोंद खोटी नव्हती. खरंच तीन वेळा पुकारलं असेल. पण अशा नोंदी वर्षभर साचल्या की त्यांचा अहवाल होतो : ‘या गटातले रुग्ण पुढच्या तपासणीला येत नाहीत.’ अहवालावरून वर धोरण ठरतं : लोकांमध्ये जागृती करा, भित्तिपत्रकं छापा. पुकारायची पद्धत बदला, हे त्या कागदांमधून वर जातच नाही. बाकावरची गोष्ट निर्णयाच्या टेबलापर्यंत न्यायची आणि तिथला निर्णय पुन्हा बाकापर्यंत आणायचा, ही दोन्ही टोकं जोडायचं काम नागरी समाजाचं. नागरी समाज म्हणजे कुणी वेगळी मंडळी नव्हेत. रुग्णांचे गट, कामगार संघटना, स्वयंसेवी संस्था, अपंगांच्या संघटना, डॉक्टर-परिचारिकांचे मंच, वस्तीत एकत्र आलेली दहा माणसं, सगळे त्यात आले.

‘हे वरून बदलल्याशिवाय खाली काही बदलणार नाही’ असं ज्यांना काम करता करता वाटू लागलंय, पण हे ‘वर’ म्हणजे नक्की कुठे ते उमगत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी बघा, वाटेत कोण गळतंय

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण मांडलं. चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त, तिथे ते मिळण्याची शक्यता कमी, आणि आरोग्यसेवा बाजाराच्या हाती जितकी जास्त जाईल तितकी ही तफावत पक्की होते. याला त्यांनी ‘इन्व्हर्स केअर लॉ’, म्हणजे सेवेचा उलटा नियम, असं नाव दिलं. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी नव्या कार्यकर्त्याला मी हेच पहिल्यांदा सांगते, कारण त्यामुळे शोधायचं काय ते ठरतं : कोणती सेवा आहे ही यादी नंतर, ती कुणापर्यंत पोहोचत नाही हे आधी.

‘दुर्बल घटक’ हा सरकारी कागदांवरचा शब्द मला पटत नाही. त्या ताई पाच तास उपाशी बसल्या, घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. यात दुर्बल काय? व्यवस्थेने ज्यांचा हिशेबच धरला नाही ती माणसं वंचित असतात, म्हणून मी वंचित म्हणते. निवेदनात कुठला शब्द वापरायचा हे मात्र ज्यांचा प्रश्न आहे त्यांना विचारून ठरवा.

सुरुवातीला एकच सेवा निवडा. क्षयरोगाचे उपचार घ्या, गरोदरपणातली तपासणी घ्या, मानसिक आजाराची औषधं घ्या. आणि एखाद्या माणसाबरोबर, त्याची परवानगी घेऊन, फाटकापासून औषध हातात पडेपर्यंत चालत जा. केसपेपर काढायला राहण्याचा पुरावा मागतात का? मग बेघर माणूस तिथेच गळाला. ओपीडी आणि रोजंदारीची वेळ एकच आहे का? मग स्थलांतरित मजूर गळाला. रांगा पुरुषांची आणि बायकांची अशा दोनच आहेत का? ट्रान्सजेंडर व्यक्तीने कुठे उभं राहायचं? डॉक्टर प्रश्न विचारतात तेव्हा दार उघडं असतं का, मागे पुढचे चार रुग्ण उभे असतात का? मग घरात मार खाणारी बाई ‘जिन्यावरून पडले’ असंच सांगणार. परत कधी यायचं ते फक्त कागदावर लिहून देतात का? मग ज्याला वाचता येत नाही तो गळाला.

हे सगळं एका वहीत, त्या त्या ठिकाणी उभं राहून लिहा. घरी येऊन आठवून लिहिलं की दार उघडं होतं का बंद होतं तेच आपण विसरतो.

२. त्यांच्या वतीने बोलायची घाई करू नका

नवखे लोक इथे सगळ्यात जास्त चुकतात. मीही चुकले होते.

ताईंबरोबरच्या पहिल्या बैठकीत त्यांचे दीर खुणा करून आमचं बोलणं त्यांना आणि त्यांचं आम्हाला सांगत होते. त्यावरून आमचा समज झाला की प्रश्न नंबर कळण्याचा आहे. नंबर दाखवणारा फलक लावा, एवढं निवेदन आम्ही लिहूनही टाकलं. दुसऱ्या बैठकीला सांकेतिक भाषेच्या प्रशिक्षित दुभाषी आल्या. त्यांच्यासमोर ताई मोकळेपणाने बोलल्या तेव्हा कळलं, त्या स्त्रीरोग विभागात जात होत्या आणि दिरांसमोर त्यातलं काही सांगणं शक्यच नव्हतं. फलक लागून नंबर कळला असता, तरी आत गेल्यावर डॉक्टरांना सांगणार कसं? त्यांची खरी मागणी तपासणीच्या वेळी दुभाषी असावा ही होती. आमचं निवेदन फाडून नव्याने लिहावं लागलं, आणि ते त्यांनी सांगितलं तसं लिहिलं.

म्हणून काही गोष्टी पक्क्या करून घ्या. घरचा माणूस दुभाषी म्हणून धरू नका. बैठकीची वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. बैठकीला येण्यात रोज बुडत असेल तर तेवढे पैसे आणि येण्याजाण्याचा खर्च संस्थेच्या अंदाजपत्रकात आधीच धरा. तो उपकार नव्हे, त्यांच्या वेळेचा मोबदला आहे. कुणाची गोष्ट बाहेर सांगायची असेल तर काय सांगू, कुठे सांगू, नाव घालू की नको, हे वेगवेगळं विचारा. आज ‘हो’ म्हणालेल्याला उद्या ‘नको’ म्हणता यायला हवं. आजाराचं नाव बाहेर फुटल्याने घर, नोकरी, लग्न मोडलेली माणसं आहेत, तेव्हा फोटोचा मोह टाळलेला बरा.

हा विचार माझा नाही, तो आजारी माणसांनी स्वतः लढून मिळवलेला आहे. एड्सवर एकही औषध नव्हतं तेव्हा, १९८३ साली, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात हा आजार झालेल्या मोजक्या माणसांनी एका परिषदेत आपलं निवेदन वाचून दाखवलं. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आम्ही एड्स असलेली माणसं आहोत. निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला घ्या, सेवा देणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांवर आम्हाला जागा द्या. ‘डेन्व्हर तत्त्वं’ म्हणून ती ओळखली जातात. अकरा वर्षांनी, १९९४ मध्ये, पॅरिसच्या परिषदेत ४२ देशांनी एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सहभाग तत्त्व म्हणून मान्य केला. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्र करारात तर कलम ४.३ स्पष्ट आहे : अपंगांशी संबंधित कायदे आणि धोरणं ठरवताना त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. तुमच्या देशाने या करारावर मान्यतेची मोहोर उमटवली असेल तर हे कलम निवेदनात थेट उद्धृत करा.

ज्यांचं जगणंच कायद्याने गुन्हा ठरवलंय त्यांच्याबाबत दुप्पट जपून पावलं टाका. कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये अमली पदार्थांचं सेवन करणाऱ्या लोकांनी १९९८ मध्ये स्वतःची संघटना उभी केली. डोळ्यांदेखत सोबती अतिमात्रेने मरत होते. त्यांच्या आणि इतर अनेकांच्या रेट्यातून २००३ मध्ये तिथे ‘इनसाइट’ हे परिचारिकांच्या देखरेखीखाली अमली पदार्थ टोचून घेता येतील असं केंद्र सुरू झालं. पुढे केंद्र सरकारला ते नकोसं झालं, तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते चालू ठेवायला लावलं. पोलिसांच्या भीतीने लपणारी माणसं संघटना काढू शकतात, न्यायालयापर्यंत जाऊ शकतात. पण त्यांची यादी तुमच्या कपाटात असेल तर ती कुणाच्या हाती पडू शकते याचा विचार यादी करण्याआधी करा.

३. मोजा, पण सगळ्यांना कळेल एवढंच

एका ताईंची गोष्ट ऐकून अधिकारी हळहळतात आणि ‘अपवाद असेल’ म्हणतात. अपवाद नाही हे दाखवायला मोजावं लागतं.

मोठं सर्वेक्षण लागत नाही. आम्ही दहा दिवस बाकावर बसलो आणि एका कागदावर चार रकाने पाडले : किती वाजता आले, नंबर कसा कळला, आत किती वेळ बोलणं झालं, पुढे काय करायचं ते कळलं का. चौथा प्रश्न आम्ही डॉक्टरांना न विचारता बाहेर आलेल्या माणसाला विचारायचो. रकाने भरण्यात ताईंच्या गटातल्या दोघी होत्या, त्यामुळे पुढे ‘ही माहिती कुणी गोळा केली?’ असं विचारलं गेलं तेव्हा उत्तर द्यायला त्याच उभ्या राहिल्या.

मोजण्याची जरा नीट बांधलेली पद्धत हवी असेल तर ‘कम्युनिटी स्कोअर कार्ड’ शिकून घ्या. ‘केअर’ या संस्थेने ती २००२ मध्ये मलावीत विकसित केली. सेवा घेणारे वेगळे बसून गुण देतात, सेवा देणारे वेगळे बसून गुण देतात, मग दोघं समोरासमोर येतात आणि कुणी काय कधी करायचं ते ठरवतात. भारतात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा आकड्यांच्या जागी लाल, पिवळा, हिरवा असे रंग वापरले. प्रगतिपुस्तक भिंतीवर लावलं की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळतं, लसीकरण हिरवं आहे आणि बाळंतपणाची सोय लाल.

सेवा देणाऱ्यांचा वेगळा गट वगळू नका. आमच्याकडे त्या बैठकीत एक सिस्टर म्हणाल्या, “बाई, पुकारायचं मीच, इंजेक्शन मीच द्यायचं, वही मीच लिहायची. उठून बाहेर येऊन कोण बसलंय ते बघायला मी कुठून वेळ आणू?” तोवर आमच्या वहीत त्यांचं वागणं ‘बेपर्वाई’ म्हणून लिहिलेलं होतं. त्यानंतर आमच्या मागण्यांत आणखी एक मागणी आली, रिक्त पद भरण्याची, आणि तिच्यावर सिस्टरांच्या संघटनेनेही सही केली.

या पद्धतीवर भाबडा विश्वास ठेवू नका, हेही सांगायला हवं. युगांडातल्या ५० दवाखान्यांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी देखरेख केली तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं त्यात दिसलं, आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. पुढे त्याच देशात याहून बऱ्याच मोठ्या प्रमाणावर असा प्रयोग झाला, तेव्हा मृत्यूंमध्ये तशी घट आढळली नाही. मला वाटतं, लोकांनी गुण दिल्याने दवाखान्यातली वागणूक सुधारते, पण औषध वरूनच आलं नसेल तर गावाने कितीही लाल रंग फासला तरी कपाट रिकामंच राहतं. त्यासाठी पुढची पायरी चढावी लागते.

४. दुखणं कोणत्या टेबलावरचं आहे ते शोधा

माझ्या मते सगळ्या कामाचा कणा हा आहे आणि नेमका इथेच वेळ कमी दिला जातो. ‘आरोग्यसेवा सुधारा’ अशी मागणी घेऊन आरोग्यमंत्र्यांकडे गेलात तर ते आनंदाने हो म्हणतील, कारण त्यात करण्याजोगं काहीच नाही.

प्रत्येक अडचण चार मजल्यांपैकी एकावर राहते. तळमजल्यावर असते ती सवय : पडद्याआडून पुकारणं. तिथल्या प्रमुखांनी ठरवलं तर उद्या बदलेल, त्यासाठी मोर्चा नको. पहिल्या मजल्यावर नियम किंवा परिपत्रक : केसपेपरला राहण्याचा पुरावा लागतो, हे कुठेतरी लिहिलेलं असतं. निदान सगळे तसं सांगतात. ते परिपत्रक लेखी मागा. माहितीच्या अधिकाराचा कायदा असेल तिथे अर्ज करा. कितीदा तरी असं होतं की मूळ कागदात तशी अट नसतेच, वर्षानुवर्षं चालत आलेली रीत नियम म्हणून सांगितली जात असते. दुसऱ्या मजल्यावर पैसा : दुभाष्याचं मानधन अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून देणार? आणि तिसऱ्या मजल्यावर कायदा, जेव्हा एखाद्या गटाला सेवेचा हक्कच नाकारलेला असतो.

मजला चुकला की वर्ष वाया जातं. आमची दुभाष्याची मागणी आम्ही आधी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे नेली. त्यांनी चहा पाजला, मान डोलावली, आणि काहीच झालं नाही, कारण नवं मानधन मंजूर करायचा अधिकार त्यांना नव्हताच. हे आम्हाला कुणी सांगितलं? त्याच कार्यालयातल्या एका लिपिकाने, जाता जाता, जिन्यात. प्रस्ताव कुठल्या नमुन्यात जातो, कुणाच्या सहीने जातो आणि अंदाजपत्रकाचे आकडे कोणत्या महिन्यात वर पाठवतात, हे त्यांनी सांगितलं. धोरणावरचे ग्रंथ वाचा, जरूर वाचा, पण असा एक माणूस ओळखीचा असू द्या. अंदाजपत्रक मंजूर झाल्यानंतर गेलेली मागणी कितीही न्याय्य असो, पुढच्या वर्षाची वाट बघत बसते. म्हणून आकडे तयार होण्याच्या तीन-चार महिने आधी पोहोचा.

निवेदन एका पानाचं असावं. कुणी, काय, कधीपर्यंत, कोणत्या पैशातून करायचं आणि झालं हे कसं ओळखायचं, या पाच प्रश्नांची उत्तरं त्यात असली की पुरे. एवढं लिहिताना आपल्यालाच आपली मागणी किती कच्ची आहे ते कळतं.

मागणी पारखायला एक चौकट हाताशी ठेवा. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम १२ आरोग्याच्या हक्काचं आहे. त्याचा अर्थ उलगडणारं ‘सामान्य भाष्य १४’ संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००० साली काढलं. त्यात सेवेच्या चार कसोट्या आहेत : ती उपलब्ध आहे का, सगळ्यांच्या आवाक्यात आहे का, माणसाचा मान राखून दिली जाते का, आणि दर्जेदार आहे का. ताईंचं उदाहरण लावून बघा. डॉक्टर होते, म्हणजे सेवा उपलब्ध होती. आवाक्यात नव्हती, कारण माहिती कळणं हाही आवाक्याचाच भाग त्या भाष्यात धरला आहे. ‘सोय करा’ या विनंतीचं रूपांतर ‘तुम्ही मान्य केलेली जबाबदारी पार पाडा’ यात होतं ते असं.

५. समितीत खुर्ची मिळाली तर

लोकांचा सहभाग हवा हे आता कुणी नाकारत नाही. प्राथमिक आरोग्यसेवेवर अल्मा-आटा इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९७८ च्या जाहीरनाम्यात आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही मानला गेला. २०२४ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, सामाजिक सहभागावर स्वतंत्र ठराव केला. मुद्दा आता त्या खुर्चीत किती जीव आहे हा उरतो.

शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली दिखावा, मधे माहिती देणं, मत विचारणं, समजूत घालणं, आणि वर जाता जाता भागीदारी आणि प्रत्यक्ष नियंत्रण. पहिल्या बैठकीहून परत येताना स्वतःला विचारा, आज आपण कोणत्या पायरीवर होतो? बैठकीचे कागद बैठकीतच हातात पडले असतील तर उत्तर सोपं आहे.

ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेने आरोग्य हा सर्वांचा हक्क ठरवला आणि १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदा निर्माण केल्या. त्यांत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांच्या असतात आणि आरोग्याच्या योजना व खर्च यांवर परिषदेची नजर असते. अशा पाच हजारांहून अधिक परिषदा तिथे नगरपालिका पातळीवर आहेत. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीच्या ‘ग्लोबल फंड’च्या नियामक मंडळावर, २००२ मध्ये स्थापना झाल्यापासून, स्वयंसेवी संस्थांना मताचा अधिकार आहे, आणि या आजारांची झळ सोसणाऱ्या समुदायांचीही तिथे स्वतंत्र जागा आहे. म्हणजे ‘सामान्य माणसाला तांत्रिक गोष्टी काय कळणार’ हे कारण चालण्यासारखं नाही.

तुम्हाला जागा देऊ केली तर दोन मागा. एकटा माणूस दहा अधिकाऱ्यांमध्ये गप्प होतो. दुसरा शेजारी असला की एकमेकांकडे बघून तरी धीर येतो. कार्यक्रमपत्रिका आठवडाभर आधी मागा, ती गटात वाचा, कोण काय बोलणार ते ठरवून जा. बैठक संपली की इतिवृत्त मागा आणि तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तो लेखी कळवा. ताईंना समितीत पहिल्यांदा बोलावलं तेव्हा दुभाष्याची सोय नव्हती. त्या गेल्या, बसल्या, आणि सभेच्या मधोमध त्यांनी एक कागद पुढे सरकवला : ‘मी हजर आहे. मला काहीही कळत नाही. इतिवृत्तात हे लिहा.’ पुढच्या बैठकीला दुभाषी होत्या.

६. मैत्री, दबाव, आणि कधीकधी न्यायालय

नवखे लोक विचारतात, सरकारशी भांडायचं की सहकार्य करायचं? दक्षिण आफ्रिकेतल्या ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ची गोष्ट जरा सविस्तर सांगते.

१० डिसेंबर १९९८ रोजी ही संघटना सुरू झाली. लाखो लोकांना एचआयव्हीची लागण होती आणि औषधं परवडत नव्हती. देशाने स्वस्त औषधांची वाट मोकळी करणारा कायदा केला होता आणि ३९ औषध कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. संघटनेने सरकारच्या बाजूने न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं, जगभरातून निदर्शनं झाली आणि एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला.

त्याच वर्षी, काही महिन्यांतच, हीच संघटना त्याच सरकारविरुद्ध न्यायालयात उभी होती. नेविरापिन नावाचं औषध होतं : प्रसूतीच्या वेळी आईला एक मात्रा, जन्मल्यावर बाळाला एक. एवढ्याने बाळाला लागण होण्याचा धोका खूप कमी व्हायचा. उत्पादकाने ते पाच वर्षं फुकट द्यायची तयारी दाखवली होती. तरी सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोनच केंद्रांपुरतं ठेवलं. इतर सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांसमोर बाई प्रसूत व्हायची, औषध काय ते त्यांना माहीत असायचं, आणि द्यायची परवानगी नसायची. संघटनेने डॉक्टर, परिचारिका आणि माता यांची प्रतिज्ञापत्रं गोळा केली. ५ जुलै २००२ रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला : हे निर्बंध गैरवाजवी आहेत, ते काढा.

निकाल मिळायला वकील लागले, पण त्याआधीची काही वर्षं संघटनेची माणसं वस्त्यांमध्ये बसून विषाणू शरीरात काय करतो, औषध त्याला कुठे अडवतं, हे लोकांना त्यांच्या भाषेत शिकवत होती. त्यामुळे मोर्चात चालणाऱ्या बाईला आपण काय मागतोय ते नेमकं ठाऊक होतं. खटला भरण्याआधी असा पाया आहे का, ते बघा. नसेल तर निकाल तुमच्या बाजूने लागूनही तो राबवून घ्यायला माणसं उरणार नाहीत.

न्यायालयाखेरीज वाटा आहेतच. थायलंडच्या १९९७ च्या राज्यघटनेने ५०,००० नागरिकांच्या सह्यांनी विधेयक मांडायची मुभा दिली होती. तिथल्या संस्थांच्या जाळ्याने सर्वांसाठी आरोग्यसेवेच्या कायद्याकरिता त्याहून जास्त सह्या जमवल्या. २००२ मध्ये कायदा झाला आणि योजना चालवणाऱ्या मंडळावर नागरी संस्थांच्या पाच जागा आल्या. सह्या घेताना प्रत्येक दारात विषय समजावून सांगावा लागतो, आणि मला यातला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो.

७. पैसे कुणाचे घेता?

थोडक्यात सांगते, कारण याला पळवाट नाही. ज्या धंद्यामुळे लोक आजारी पडतात त्याचा पैसा घेऊन आरोग्य धोरणावर बोलू नका. तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार २००५ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५.३ मध्ये आरोग्य धोरणं तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून वाचवा असं सरकारांना बजावलंय. हीच कसोटी स्वतःला लावा. देणगीदारांची यादी उघड ठेवा. रुग्णांच्या गटाला औषध कंपनीचा निधी असेल आणि तो गट त्याच कंपनीच्या औषधाची मागणी करत असेल, तर मागणी रास्त असली तरी तिच्यावरचा विश्वास उडतो.

८. आदेश निघाल्यानंतर

आदेश निघाला की पेढे वाटले जातात, फोटो निघतात आणि बहुतेक जण पुढच्या प्रश्नाकडे वळतात. असं करू नका. कागदावरचा आदेश दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचायला किती ठिकाणी अडतो ते आम्ही बघितलंय.

आमच्याकडे फलक मंजूर झाला, बसवलाही गेला. महिन्याने गेलो तर तो दाराच्या बरोबर वर होता आणि बाकाच्या व दाराच्या मधे खांब. बाकावर बसलेल्याला फलक दिसायचाच नाही. बाक हलवायला सांगितला, हलवला. पुढच्या खेपेला फलक बंद, कारण तो सुरू करणारा कर्मचारी रजेवर आणि दुसऱ्या कुणाला शिकवलेलंच नाही. दुभाषी आठवड्यातून एक दिवस येऊ लागल्या, पण हे कर्णबधिर लोकांना सांगितलं कुणी? सूचना रुग्णालयाच्या ध्वनिक्षेपकावरून दिली जात होती.

म्हणून आदेशाची प्रत घडी करून पिशवीत ठेवा आणि ठरावीक काळाने, न कळवता, जाऊन बघा. काय बघायचं ती यादी आदेश निघाला त्याच दिवशी करा. एक नाव ठरवा, जबाबदार अधिकाऱ्याचं, आणि जे दिसेल ते त्यांनाच आधी कळवा. बरं झालेलंही कळवा. ज्या सिस्टरांनी बाक स्वतः ओढून हलवला त्यांचं नाव आम्ही वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, आणि त्यानंतर त्या विभागातून आम्हाला कधीही अडवलं गेलं नाही.

ताईंच्या गटाने आणखी एक मागणी केली, ती मला सुचली नसती. नोंदवहीत एक रकाना वाढवा : ‘कसे बोलावले’. आवाजाने, फलकावर, जवळ जाऊन, दुभाष्यामार्फत. एवढ्यासाठी ना पैसे लागले, ना वरची परवानगी. तळमजल्यावरचं काम होतं. आता दर तीन महिन्यांनी त्या दोघी-तिघी जातात, वही उघडतात, आणि ‘हजर नव्हत्या’ असं जिथे जिथे लिहिलंय तिथे आधी शेजारचा तो रकाना वाचतात.